ग्रीनलंडहून आलेली पाहुणी

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी मुलगी कोपनहेगनहून सुट्टीला आली, तेव्हा तिच्यासोबत तिची खोलीतली मैत्रीण होती. मूळची ग्रीनलंडची, डेन्मार्कमध्ये डॉक्टरकी शिकणारी. गारखेड्याच्या आमच्या घरात आम्ही स्वेटर घालून बसलेलो आणि ही पोरगी गच्चीवर सुती सदऱ्यात, अनवाणी. शेजारणी काहीबाही निमित्त काढून तिला बघून जात.

माझ्या सासऱ्यांना मात्र तिच्या देशाचं कुतूहल. ते लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातले, नव्वदीला टेकलेले. निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. गावात तिरंगा लागला त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मुलगी दुभाषी झाली. पाहुणीनं सांगितलं, की त्यांचं स्वतःचं सरकार आहे, संसद आहे. पण फौज आणि परदेशाशी व्यवहार अजून डेन्मार्ककडे. लोकांनी कौल दिला तर वेगळं होता येतं, तसा कायदाच आहे.

"मग येळ कशाला लावता?" सासरे म्हणाले. "लई विचार केला की माणूस बसूनच राहतं."

मला वाटलं, पोरगी दुखावेल. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. तिनं सांगितलं, ती अकरा वर्षांची असताना तिची आजी आजारी पडली. डॉक्टर डेन्मार्कचे, आजीला त्यांची भाषा येत नव्हती आणि दुभाषी त्या दिवशी नव्हता. आजीला कॅन्सर आहे, हे आजीला, ती भाषा शाळेत शिकलेल्या या नातीनं सांगितलं. डॉक्टरकी शिकायचं तिनं तेव्हाच ठरवलं.

"आम्हाला स्वतंत्र व्हायचंच आहे," ती म्हणाली. "पण ज्या दिवशी होऊ, त्या दिवशी दवाखाना बंद राहायला नको."

 मग सासऱ्यांनी जे सांगितलं ते मी तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. झेंडा लागला, पेढे वाटले. पण शाळेत एकच मास्तर, निजामाच्या रीतीनं उर्दूतून शिकवणारे, ते गाव सोडून गेले आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी आलंच नाही. शाळेला कुलूप लागलं. ती पुन्हा उघडेपर्यंत सासरे वडिलांबरोबर शेतात रुळले होते. त्यांचं शिक्षण चौथीवर थांबलं ते असं. आम्ही समजत होतो, त्यांना शाळेची गोडी नव्हती.

"राज्य गेलं ते चांगलंच झालं," ते तिला म्हणाले. "पण मास्तर अगुदर तयार ठेवायला पाहिजे होता. तू म्हणतीस ते बरोबर हाय, बाई."

मुलीनं भाषांतर केलं. पाहुणीनं त्यांचा हात हातात घेतला. नव्वदीच्या माणसाला आपलं मत बदलताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि चोवीस वर्षांच्या त्या पाहुणीला, उतावीळ न होता, इतकी मोठी गोष्ट तोलून धरताना.

ती आता तिच्या गावच्या दवाखान्यात रुजू झाली आहे. म्हातारी माणसं तिच्याकडे येतात, आपल्या भाषेत दुखणं सांगतात. तिच्या देशाचा निर्णय अजून व्हायचाय. बातम्यांत ग्रीनलंडचं नाव आलं, की सासरे टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतात आणि आम्हाला गप्प बसवतात.