पाटावरचं पिस्तूल

“नीलेश, बोट ट्रिगरवरून काढ. हसू नकोस. आधी बोट.”

टेक्सासमधल्या प्लेनोतलं घर, खंडेनवमीची दुपार. मी जेवायला आले होते. मी इथे लोकांना पिस्तूल चालवायला आणि ते कधी चालवायचं नाही याचा कायदा शिकवते. घरमालक विक्रांत माझा विद्यार्थी. त्याच्या आईने, सुशीलाकाकूंनी, पाटावर शस्त्रपूजा मांडली होती. लॅपटॉप, ड्रिल मशीन, विळी आणि विक्रांतचं पिस्तूल. चौघांनाही हळदकुंकू, झेंडू.

ते पिस्तूल त्याच्या मावसभावाने, नीलेशने, फोटोसाठी उचललं होतं. विक्रांत मोबाइल धरून उभा. समोर विक्रांतची सहा वर्षांची मुलगी इरा रांगोळीत रंग भरत बसली होती, आणि नळीचं तोंड थेट तिच्याकडे.

“अहो ताई, रिकामं आहे,” विक्रांत म्हणाला. “गोळ्यांचं मॅगझिन सकाळीच काढलं मी.”

“नीलेश, तोंड फायरप्लेसकडे. आता पाटावर ठेव. हळू.”

त्याने ठेवलं. मी इराला आत पाठवलं.

“नीलेश, तू व्हिसावर आहेस ना?”

“हो, एच-वन. ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. का?”

वर्क व्हिसावरच्या माणसाने, ठरावीक सवलती सोडल्या तर, पिस्तूल बाळगायचं नाही, असा केंद्राचा कायदा आहे. टेक्सासमध्ये कितीही मोकळीक असली तरी तो लागू होतोच. हातात घेतलं तरी प्रकरण अंगाशी येऊ शकतं. आणि माहीत असून ते देणाराही अडकतो. मी हे सांगितलं तसा नीलेशचा चेहरा उतरला.

“ताई, फक्त फोटोच तर होता यार.”

“फोटो म्हणजे पुरावा. तो कुणाला पाठवू नका, आणि उद्या वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.”

मी पिस्तुलाकडे हात नेला, तर काकू आडव्या आल्या.

“कुंकू लावलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. नीलेशलाही मी तेच सांगत होते.”

“काकू, रात्रभर हे इथे आणि घरात लहान मूल?”

“रिकामं आहे म्हणतोय ना तो!”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “मग याच्यापुरती उत्तरपूजा आत्ताच करा.” काकूंनी अक्षता उचलून पिस्तुलावर वाहिल्या आणि सवयीने म्हणाल्या, “पुनरागमनाय च.” त्याने पुन्हा येऊ नये, असंच मला वाटत होतं.

मी पिस्तूल उचललं. तोंड फायरप्लेसच्या विटांकडे ठेवून वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढली. एक गोळी बाहेर उडाली आणि फरशीवर टणटणत सोफ्याखाली गेली.

मॅगझिन काढलं तरी नळीत आधीच चढलेली गोळी आत राहते. ट्रिगर दाबला की ती सुटते. विक्रांत रांगोळीकडे बघत होता. काकूंनी सोफ्याखाली हात घालून गोळी काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

“हे रिकामं होतं?” एवढंच विचारलं त्यांनी.

नीलेशने दुसऱ्याच दिवशी इमिग्रेशनचा वकील गाठला. वकिलाने त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. सुदैवाने पुढे काही निघालं नाही, पण वर्षभर नीलेश दारावरची बेल वाजली तरी दचकायचा.

विक्रांतला मी पुन्हा पहिल्या दिवसापासून क्लासला बसवलं. तो निमूटपणे बसला. शेवटी लेखी परीक्षा दिली. नळी तपासायची कशी, व्हिसावाल्याच्या हाती का द्यायचं नाही, मुलांपासून लांब कुठे ठेवायचं, सगळी उत्तरं बरोबर.

मी त्याचा जुना पेपर काढून पाहिला. त्यातही सगळी बरोबरच होती.