खाडीत कळलेली गोष्ट

मुनिरकाच्या त्या खोलीत आम्ही दोघी तीन वर्षं राहिलो. ती सिंधुदुर्गातल्या एका छोट्या बंदराची, मी बीड जिल्ह्यातली. दोघीही केंद्राच्या परीक्षेसाठी दिल्लीत आलेल्या. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडणारी. तिचा कुकर, माझा तवा, दोघींत मिळून एक हीटर. अभ्यासाचंही तसंच होतं. जे करायचं ते दोघींनी मिळून, असं आमचं पहिल्याच हिवाळ्यात ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षी राज्यसेवेची जाहिरात आली. मी म्हटलं, "भरून ठेवूया का फॉर्म?"

ती म्हणाली, "नको यार. दोन दगडांवर पाय ठेवला की कुठलंच धड होत नाही. आपण इतक्या लांब कशासाठी आलोय?"

मला ते पटलं. त्याच सुमारास माझ्या जुन्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळत होतं. तेही मी सोडलं, कारण ती रडली होती. "तू गेलीस तर माझं इथे काय?" असं म्हणाली होती.

पुढच्या दीड वर्षात ती तीनदा घरी जाऊन आली. एकदा चुलत बहिणीचं लग्न, एकदा वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन, एकदा नुसतंच, आईची आठवण येते म्हणून. प्रत्येक वेळी मी तिला रिक्षाने निजामुद्दीन स्टेशनपर्यंत सोडायला गेले. सोबत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. क्लासच्या नोट्स तिच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या. मधेच तिला महाराष्ट्राचा भूगोल नीट समजून घ्यायचा होता. मी कॉलेजात असताना काढलेली वही होती, त्यातून तिला नद्या, घाट, खनिजं सगळं शिकवलं. केंद्राच्या परीक्षेला एवढं कशाला लागतं, असं एकदा विचारलंही. "बेस पक्का होतो," ती म्हणाली.

त्या वर्षी पूर्वपरीक्षेतच दोघी नापास झालो. दिवाळीनंतर दिल्लीच्या हवेने मला धरलं. खोकला थांबेना, छातीत घरघर. ती म्हणाली, "चल माझ्या घरी. आठ दिवस समुद्राची हवा खा, मासे खा. एकदम बरी होशील." मी तोवर समुद्र पाहिला नव्हता.

निजामुद्दीनहून गाडी पकडली, दुसऱ्या दिवशी दुपारी कणकवलीला उतरलो आणि दोन एसटी बदलून तिच्या गावात पोचलो. गोव्याला जाणाऱ्या गाड्या हमरस्त्यानेच पुढे निघून जातात, या फाट्याला कुणी वळत नाही. एक धक्का, दहाबारा होड्या, सुरूच्या झाडांची रांग आणि त्यामागे लांबच लांब रिकामी वाळू. मी चपला हातात घेऊन कितीतरी वेळ पाण्यात उभी राहिले. ती शेजारी हसत होती. इतकी मोकळी मी तिला दिल्लीत पाहिली नव्हती.

तिच्या आईने मला मासा खायला शिकवला. आमच्याकडे मटण होतं, पण मासा म्हणजे कधीतरी नदीतली मरळ. काकू माझ्या ताटाशेजारी बसून बांगड्याचा काटा सोडवून द्यायच्या. माशाचं तिरफळ घातलेलं झणझणीत कालवण, त्याला त्या तिखलं म्हणायच्या, नाचण्याची भाकरी, वर वाटीभर सोलकढी. सकाळी आंबोळ्या. तिचे वडील मला कांदळवनात घेऊन गेले आणि खंड्या, बगळे, चिखलातून तिरक्या पळणाऱ्या लाल कुर्ल्या दाखवल्या. त्यांचा डोळा अगदी ठणठणीत दिसत होता. मी ऑपरेशनचं विचारलं, तर त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मीही हसले. मनात काहीतरी खटकलं, पण तिसऱ्या दिवसापर्यंत खोकला गेला होता आणि मला कशावर शंका घ्यायची नव्हती.

चौथ्या दिवशी ती काही कागदपत्रांसाठी तालुक्याला गेली. काकू म्हणाल्या, चल, ओहोटी आहे, तिसऱ्या काढू. तिसऱ्या म्हणजे छोटे शिंपले, खाडीच्या वाळूत रुतलेले. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाने चाचपायचं, टणक लागलं की वाकून हाताने काढायचं. मला एक सापडेपर्यंत काकूंची निम्मी टोपली भरलेली असायची. त्या माझ्याशी मुद्दाम शाळेतल्यासारखी मराठी बोलायच्या, पण मधेच त्यांची बोली यायचीच.

वाकल्या वाकल्याच त्या म्हणाल्या, "बाये, तू वायट वाटून घेव नको. हिचा नाव लागला, तुझाय लागतला. पुढच्या वेळी."

"कशात, काकू?"

"त्या राज्याच्या परीक्षेत. दोघींनी एकत्रच दिली ना? ही सांगत होती, तुझं थोडक्यात गेलं म्हणून. म्हटलं, तिला घेऊनच ये इकडे, चार दिवस बरं वाटेल. आता पुढच्या महिन्यात हिला कामावर हजर व्हायचंय, मग कुठली सवड."

पाणी पायाला लागत होतं, तेवढंच मला कळत होतं. मी ती परीक्षा दिलीच नव्हती. तिने मला देऊ दिली नव्हती. आणि इथे तिच्या घरात मी ती देऊन नापास झालेली होते. हे सगळे लोक चार दिवस माझं सांत्वन करत होते. काटे सोडवून देणंही त्यातलंच होतं की काय, असं मनात आलं आणि मला रडू फुटेल असं वाटलं.

काकूंना मी म्हटलं, "हो काकू. देईन पुढच्या वेळी."

ती संध्याकाळी परत आली. तिला घेऊन मी सुरूच्या झाडांकडे गेले. विचारलं, "लग्न कधी होतं चुलत बहिणीचं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती खाली वाळूत बसली. "आईने सांगितलं?"

"हो. मी नापास झाले, तेही सांगितलं."

ती म्हणाली, "इथे आणून तुला सांगणारच होते. रोज ठरवत होते."

"फॉर्म भरू नको, असं का म्हणालीस मला? तू भर ना. मला का अडवलंस?"

तिने एखादं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ती खरं बोलली. "मुलींच्या जागा मुळात असतात किती? तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तू बसली असतीस तर तुझं नाव आलं असतं, आणि मी पुन्हा त्या खोलीत एकटी. मला भीती वाटली."

"आणि माझ्या वहीतून शिकलीस."

"हो."

मला तिला मारावंसं वाटलं. मारलं नाही, ओरडलेही नाही. घराकडे चालू लागले. ती मागून हाका मारत होती, माझ्या त्या लाडक्या नावाने, जे तिनेच मला दिलं होतं.

तिकीट आणखी तीन दिवसांनंतरचं होतं. ते तीन दिवस मी तिथेच राहिले, काकूंसमोर हसले, त्यांनी वाढलेलं सगळं खाल्लं. तिसऱ्यांचं सुकं अतिशय चांगलं झालं होतं आणि मी ते दोनदा मागून घेतलं, याचा मला अजून राग येतो. समुद्रावर मात्र पुन्हा गेले नाही. निघताना एसटी स्टँडवर ती म्हणाली, "आईला काही बोलली नाहीस. थँक्स."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी गप्प नाही बसले."

दिल्लीत परतल्यावर मी ती खोली सोडली आणि त्याच गल्लीत दुसऱ्या मुलींसोबत राहिले. पुढच्या वर्षी राज्याचा फॉर्म भरला. पूर्व निघाली, मुख्य राहिली. वय आणि उमेद दोन्ही संपत आल्यावर गुरुग्रामच्या एका ऑफिसात मराठी मजकूर तपासायची नोकरी घेतली. आता दिल्लीतच, द्वारकेत राहते. काम वाईट नाही. तिने फॉर्म भरू दिला असता तर मी निघालेच असते, असं काही मी म्हणत नाही. ते मला कधी कळणार नाही, आणि तिने नेमकं तेच माझ्याकडून घेतलं.

तिचे मेसेज बरेच दिवस येत राहिले. मग लग्नाची पत्रिका आली. मी उत्तर दिलं नाही.

काकू मात्र फोन करायच्या. खोकला कसा आहे, दिल्लीत थंडी पडली का, परत कधी येतेस. लग्नानंतर एकदा त्यांनी विचारलंच, "तुमचा दोघींचा काय बिनसला गो? ही काय सांगत नाय."

तोवर दर वेळी मी काहीतरी सावरून घेत आले होते. त्या दिवशी थकले होते. मी म्हटलं, "काकू, ती परीक्षा मी दिलीच नव्हती. तिने मला फॉर्म भरू दिला नव्हता. स्वतः मात्र भरला."

त्यांनी हळूच विचारलं, "जेवलीस गो?"

"जेवले," मी म्हटलं.

"बरा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.