खांबाखालचं हिरवं सोयाबीन

पुसेगावकडच्या आमच्या भागात सोयाबीन नवंनवं होतं, तेव्हाची गोष्ट. काढणीआधी मी सगळं रान पाहून ठेवायची. कोणता तुकडा आधी कापायचा, कुणी कुठं लागायचं, हे ठरलेलं बरं. त्या वर्षी रान पिवळं पडून शेंगा वाळल्या होत्या. फक्त रस्त्याकडेचा तुकडा हिरवागार. कमरेएवढी झाडं, नुसता पाला. शेंग सोडाच, फूलसुद्धा धरलं नव्हतं.

सासूबाईंनी कारण लगेच काढलं. माझी धाकटी जाऊ, नवीनच लग्न झालेली, त्या तुकड्यात निंदायला गेली तेव्हा तिला पाळी आलेली होती.

"बाहेरची असून पिकात शिरली. दिवाळीला माहेरी गेली की तिकडंच राहू दे तिला."

धाकटी घरी जाऊन कपडे पिशवीत भरायला लागली.

नुसतं 'मला पटत नाही' म्हणून सासूबाई ऐकणाऱ्या नव्हत्या. मी तुकड्याला फेरी मारली. हिरवं बांधापाशी थांबतच नव्हतं. शेजाऱ्याच्या रानातही तेवढंच शिरलेलं. आणि त्या हिरव्याच्या मधोमध, बांधाच्या रस्त्याकडच्या टोकाला, उन्हाळ्यात उभा केलेला दिव्याचा खांब. तो दिवा रात्रभर जळायचा.

मी सासूबाईंना तिथंच घेऊन आले आणि शेजाऱ्याला हाक मारली.

"भाऊजी, आमची धाकटी तुमच्या रानात कधी निंदायला आलती का?"

"न्हाई बा. काहून?"

"आमचं तर ती बाहेरची असून शिरली म्हणून हिरवं राहिलं म्हणे, तिला माहेरी धाडायचंय. मग तुमचं काहून हिरवं?"

त्यानं खांबाकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. "उजेड पडून राहिला तिथवरच हिरवं हाय, काकू. तुमच्या हिशोबानं माझ्या बायकोलाबी माहेरी धाडावं लागंल. पण ते तुमीच सांगा तिला, माझी हिंमत न्हाई."

दिवस लहान होऊन रात्र वाढायला लागली की सोयाबीन फूल धरतं, हे मी पुढं वाचलं. त्या दिव्याखाली झाडांना रात्र झालीच नव्हती. सासूबाईंना एवढं सांगायची गरज पडली नाही. त्या हिरव्याच्या कडेकडेनं चालत गेल्या, बांध ओलांडला, पलीकडून फिरून परत आल्या आणि सरळ घरी गेल्या.

धाकटी पिशवीशी बसलेली होती.

"भाऊबीज झाली की लगेच परत ये," सासूबाई म्हणाल्या. "हरभरा पेरायचाय. अन् आता विळा घे, वरचा तुकडा वाळलाय."

"व्हय, आत्याबाई," म्हणत ती उठली. मला तेव्हा कळलं, सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं.