पोटाची म्हणून दिलेली गोळी

“तुमचं पोट आतून स्वच्छ आहे,” जळगावचे डॉक्टर म्हणाले. “अल्सर नाही, गाठ नाही. तुम्हाला आयबीएस आहे, आणि जोडीला डिप्रेशन आहे.”

एंडोस्कोपी होऊन तासभर झाला होता. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघतात ती तपासणी. घसा अजून बधिर होता, त्यामुळे मला लगेच बोलता आलं नाही. बोलता आलं तेव्हा मी म्हणालो, “मी वेडा नाही.”

“तसं मी म्हटलंच नाही, दिलीपराव,” डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी कागद पुढे सरकवला तो माझ्या बायकोकडे, मालतीकडे.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्यांत दिसण्यासारखं काही नसतं, पण ती नीट वागत नाहीत. कधी दिवसातून सहा वेळा जावं लागतं, कधी तीन दिवस नाही. मी अमळनेरला एका कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. प्रॅक्टिकल चालू असताना मी चारचारदा बाहेर पळायचो. खाल्लं की पोटात मुरडा, म्हणून खाणं सोडलं. मग झोप गेली, मग बोलणं गेलं. वजन उतरलं तशी पँट दोरीने बांधायला लागलो. हे सगळं पोटामुळे होतंय, अशी माझी खात्री होती.

डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली होती. एक प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या चांगल्या जंतूंची कॅप्सूल. दुसरी डिप्रेशनची गोळी. दुसरी घेणार नाही, हे मी दवाखान्याच्या पायरीवरच मालतीला सांगून टाकलं.

का, तेही सांगतो. आमच्या गावात, धरणगावजवळ, माझे एक चुलत आजोबा होते. त्यांना अख्खं गाव येडा आबा म्हणायचं. पोरं त्यांना खडे मारायची. मीही मारलेत. त्या रांगेत जाऊन बसायची माझी तयारी नव्हती.

मालतीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी न्याहारीनंतर ती एका छोट्या डबीतून एक कॅप्सूल आणि एक बारीक पांढरी गोळी माझ्या हातावर ठेवायची.

“ही पांढरी कसली?”

“तीही पोटाचीच. चांगले जंतू धरून ठेवायला. मेडिकलवाल्याने सुटी दिलीय.”

मी विश्वास ठेवला. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने मला मिठाच्या बाबतीतही फसवलं नव्हतं.

पहिला आठवडा मळमळ वाढली. ती म्हणाली, नवे जंतू रुजताना असं होतंच म्हणे. चौथ्या आठवड्यात मला एकदा सलग सहा तास झोप लागली. त्यानंतर एका दुपारी मी स्वतःहून भरीत-भाकरी मागितली. मालती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला वाटलं, आनंदाने रडतेय.

बरं वाटायला लागल्यावर मी वाचायला लागलो. गट-ब्रेन ॲक्सिस असा शब्द मिळाला. पोट आणि मेंदू यांच्यात नसांमधून, रक्तातून दोन्हीकडून निरोप जात असतात, आणि आतड्यातल्या जंतूंचाही त्यात हात असावा, असा त्याचा अर्थ. मला तर हर्षच झाला. म्हणजे बिघडलं होतं ते पोट, डोकं नाही! लॅबमध्ये मी दह्याचा थेंब स्लाइडवर पसरून, रंगवून पोरांना दाखवायचो. काड्यांसारखे ते जांभळे जंतू. दाखवून सांगायचो, “यांनी मला उभं केलं.”

महिन्याला जळगावला दाखवायला जायचो. डॉक्टर विचारायचे, “गोळ्या चालू आहेत ना?” मी मान डोलवायचो, मालतीही डोलवायची.

आठ महिने असे गेले. मग आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. माझी मोठी बहीण, आमची अक्का, धुळ्याहून आली. मेहुणे गेल्यापासून ती डिप्रेशनच्या गोळ्या घेत होती. गोळ्यांवर तिचं बरं चाललं होतं. नातवंडांना सांभाळायची, भजनाला जायची. मी मात्र तिला समोर बसवून शिकवलं. म्हटलं, “अक्का, मी बघ. एकही तसली गोळी न घेता बरा झालो. पोट सुधार, मन आपोआप सुधारतं. त्या गोळ्या बंद कर, रोज ताक पी, ही कॅप्सूल घे.”

मालती भाकरी थापत होती. सगळं तिच्या कानांवर जात होतं. अक्का निघेपर्यंत तिने काहीतरी बोलायला हवं होतं असं मला आज वाटतं. तेव्हा माझं लक्षही नव्हतं. ती बोलली नाही. नंतर म्हणाली, अक्का ऐकणार नाहीत असं वाटलं होतं.

अक्काने ऐकलं. धाकट्या भावाचं, कॉलेजातल्या माणसाचं, तिने ऐकलं.

दोन महिने झाले नाहीत तोच भाच्याचा फोन आला. अक्का चार दिवस जेवली नव्हती. बोलत नव्हती. मध्येच म्हणायची, मी आता कशासाठी ऱ्हायनू? कशासाठी मागे राहिले, असं. तिला धुळ्याच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं.

आम्ही दोघं एसटीने गेलो. अक्का कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाताला सलाईन. तिच्या पायाच्या भेगांत माती होती. एवढी टापटिपीची बाई!

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारलं, “इतकी वर्षं नीट चालू असलेल्या गोळ्या बंद करायला यांना कुणी सांगितलं?”

“मी,” म्हणालो. “माझ्या स्वतःच्या अनुभवावरून. मलाही डिप्रेशन सांगितलं होतं. पण मी नुसत्या प्रोबायोटिकवर–”

“अहो, गप्प बसा,” मालती म्हणाली. तिने माझा दंड धरला होता. “तुम्ही ती गोळी घेत होतात. पहिल्या दिवसापासून. ती पांढरी तीच होती.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टर बाईंसमोर, भाच्यासमोर, अक्काच्या कॉटशेजारी मी उभा होतो. जे जे मी लोकांना छाती ठोकून सांगितलं होतं ते सगळं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे माझ्या घरात एका माणसाला रोज सकाळी माहीत होतं.

डॉक्टर बाईंनी मला खुर्ची दिली. “पोटाचा आणि मनाचा संबंध आहे, ते खोटं नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “प्रोबायोटिकने काहींना थोडाफार आधार मिळतही असेल. पण कोणता जंतू, कुणाला, किती, हे अजून नीट कळलेलं नाही. औषधाच्या जागी ते घेता येत नाही. आणि चालू गोळी अशी एकदम तोडली तर आजार उलटतो. त्याला आम्ही रिलॅप्स म्हणतो.”

“मग मला कशाने बरं वाटलं?”

“बहुधा गोळीने. कदाचित दोन्हींनी. आता मलाही सांगता येणार नाही.”

अक्काने सगळं ऐकलं होतं. तिने मान वळवली. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच ती सरळ बोलली.

“तू सोता गोया खास, आन माले बंद कर सांगस?”

“अक्का, मी गोळ्या खातोय हे मलाच माहीत नव्हतं गं.”

तिने परत भिंतीकडे तोंड केलं. तिच्या दृष्टीने तिला फसवणारा मी होतो, आणि त्यात काय चूक होतं?

दवाखान्याबाहेरच्या बाकावर मालती म्हणाली, “तुम्ही दोरीने पँट बांधत होतात. विचारत बसले असते तर तुम्ही हाताला लागला नसता.”

“मग बरं वाटल्यावर तरी सांगायचं होतंस.”

“रोज वाटायचं, आज सांगू. पण तुम्ही इतके खूश होतात त्या जंतूंवर.”

ती रडत होती. मला तिची दया आली नाही. तिच्यामुळे मी जिवंत असेन, तरी दया आली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

रागाच्या भरात मी माझीही गोळी बंद केली. चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं व्हायचं. अक्काला मी कशात ढकललं होतं ते तेव्हा अंगावर कळलं. एकटाच जळगावला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “चूक माझीही आहे,” म्हणाले. “तुम्ही ‘मी वेडा नाही’ म्हणाला होतात. तुमचा नकार का आहे, यावर मी तेव्हाच तुमच्याशी बोलायला हवं होतं. मी कागद मिसेसकडे दिला आणि सुटलो.” मग त्यांनी गोळीचं नाव, ती काय करते, किती महिने घ्यायची, कशी हळूहळू कमी करतात, हे मला चाळीस मिनिटं समजावलं. त्यातलं काहीही मला न समजण्यासारखं नव्हतं. पहिल्याच दिवशी कुणी एवढं बसून सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण नाही म्हणायचं की हो म्हणायचं, ते माझ्या हातात राहिलं असतं.

ज्यांच्या घरात माझ्यासारखा हट्टी रोगी आहे त्यांना एवढंच सांगतो: भांडा, रडा, गावातल्या चार माणसांना मध्ये घाला. पण औषध दुसऱ्या नावाने देऊ नका. तो माणूस बरा होईल आणि त्याच खोट्या नावाने दुसऱ्या कुणाला तरी आजारी पाडेल. आणि रोग्यांना सांगतो, दही खा, ताक प्या, पोट जपा. चालू गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, भाऊ सांगो की शेजारी.

अक्का तीन आठवड्यांनी घरी गेली. आता परत भजनाला जाते. मी फोन केला तर उचलते, पोटापाण्याचं विचारते, पण दवाईचा विषय काढला की फोन सुनेकडे देते. ते मी भोगलंच पाहिजे. मालतीशी मी बोलतो, हसतोही. तिने कालवलेला घास मात्र पूर्वीसारखा न बघता तोंडात जात नाही.

गेल्या महिन्यात दोघं जळगावला गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, “काय करू या? कमी करायला घ्यायची, की अजून सहा महिने चालू ठेवायची?”

मालतीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पदर हातात घट्ट धरून ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरही माझ्याकडेच बघत होते.

मी थोडा विचार केला. “चालू ठेवू,” म्हणालो.