आधी कोण धावलं

हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या शाळेत नववीच्या मुली भांडायच्या म्हणजे नुसत्या झिंज्या उपटायच्या नाहीत, रक्त काढायच्या. त्या दिवशी एकीनं स्टीलचा डबा दुसरीच्या कपाळावर असा हाणला की भुवई फाटली आणि फळ्यापर्यंत शिंतोडे उडाले. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

शाळेनं आम्हा शिक्षकांसाठी एक कोच नेमली होती, माझ्याहून बरीच लहान. ती मागच्या बाकावर बसून तास बघायची. मधल्या सुट्टीत ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आज वर्गात चांगलं काय घडलं?"

माझं टाळकंच सटकलं. हातावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. "चांगलं? टाके घालायला नेलंय त्या पोरीला!"

"तिच्याकडे आधी कोण धावलं? जखमेवर ओढणी कुणी दाबून धरली?"

ओढणी डबा मारणारीचीच होती. मी मानगूट धरून तिला बाहेर ओढेपर्यंत तिनं ती सोडली नव्हती.

"उद्या तिला तेवढंच सांगा," कोच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला त्या मुलीचं कौतुक करायचं होतं. पण जिभेला सवय कुठली? नेहमीसारखीच खेकसले, "इकडे ये!"

"हौ मॅडम," म्हणत ती आली. फुटू नये म्हणून चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला, आणि डोळे मिटून तिनं गाल पुढे केला.