सपाट मळ्यातली गाडी

वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या गाडीचा स्टार्टर केव्हाच गेला होता. ती उतारावर उभी करायची आणि निघताना ढकलून सुरू करायची, ही आमच्या घरची रीत. गोवा राज्य झालं त्या सुमारास जुन्या गाड्यांच्या क्लबाबरोबर मी पेडण्याला शेतकी प्रदर्शनाला गेलो, तर तिथल्या स्वयंसेवकाने आमच्या गाड्या नेमक्या सपाट मळ्यात लावायला लावल्या. मनातल्या मनात मी त्याला शिव्या घातल्या. दिवसभर ना भोपळे पाहिले, ना बैल. निघताना चारचौघांत शोभा होणार, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी प्रदर्शन उठलं, तरी क्लबातलं कुणीच हलेना. जो तो आपली चकचकीत गाडी पुन्हा पुसत बसलेला. शेवटी अध्यक्ष, एरवी माझ्या गाडीकडे बघून नाक मुरडणारे, जवळ येऊन स्वतःच्या गाडीकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, "मातसो धक्को मारशी रे?"

माझा जीव भांड्यात पडला. मी एवढ्या मोठ्याने हसलो की बाकीचेही फडकी टाकून आले. एकमेकांच्या गाड्या ढकलत आम्ही सगळ्या सुरू केल्या.

परतताना चहाला थांबायचं ठरलं. पुढे असलेल्या अध्यक्षांनी तीन हॉटेलं सोडली. चौथं उतारावर होतं.