बशीतलं औषध

पौर्णिमा तायडे अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. वडील गेल्यावर तिला मूर्तिजापूरच्या जानरावमामांनी शिकवलं. मामा रेल्वेत गँगमन होते.

नाळेतल्या स्टेम सेल वाढवायच्या, त्यांनी सोडलेले स्राव गाळून घ्यायचे आणि थकलेल्या, म्हाताऱ्या पेशींवर टाकून बघायचे, हे तिचं काम. म्हाताऱ्या पेशी एका रंगानं निळ्या दिसतात. गेल्या वर्षी स्राव दिलेल्या, पेशी वाढवायच्या काचेच्या बशीत निळ्या पेशी निम्म्याच उरल्या. वर्तमानपत्रात तिच्या फोटोसह बातमी आली. ‘हे फक्त बशीतलं आहे, माणसावर तपासलेलं नाही,’ हे तिचं वाक्य तेवढं गाळलं गेलं.

दिवाळीनंतर मामीचा फोन आला. मामा अकोल्यात भरती होते. तिथल्याच एका खासगी दवाखान्यात त्यांनी ‘तारुण्याचं इंजेक्शन’ गुडघ्यात घेतलं आणि चौथ्या दिवशी गुडघ्यात पू झाला. पौर्णिमा अकोल्याला त्यांच्या खाटेपाशी पोचली.

"मामा, मले इचारलं काहून नाई?"

"कायले इचारू वं? त्या दवाखान्यात तुहाच फोटो लावेल होता."

ती तशीच त्या दवाखान्यात गेली. भिंतीवर हातभर मोठी पौर्णिमा हसत होती. समोर बाकावर सात-आठ म्हातारी माणसं नंबर लावून बसलेली.

डॉक्टर हसले. "मॅडम, तुमचंच संशोधन आम्ही लोकांपर्यंत पोचवतोय."

"कुपी दाखवा. कोणत्या पेशींचा स्राव आहे? कुठं बनला? जंतू तपासले?"

"ते आमचं गुपित आहे."

पौर्णिमा बाहेर आली आणि फोटो टराटरा फाडला. बाकावरच्यांना म्हणाली, "ही मीच. मी कोणाले इंजेक्शन द्या म्हटलं नाई. माह्या मामाचा गुडघा सडवला यायनं. उठा, घरी जा!" पाचजण उठले. बाकीचे तिच्याकडेच रागानं बघत राहिले. त्यांना तरुण व्हायचं होतं.

तक्रार करायची म्हटल्यावर प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "आपलं नाव कशाला मध्ये आणता?" तरी तिनं औषध प्रशासनाकडे तक्रार केली, सही केली, खाली हुद्दाही लिहिला. तीन महिने फेऱ्या मारल्या. शेवटी तपासणी झाली. कुप्यांवर ना नाव, ना तारीख. दवाखान्याला सील लागलं.

दोनदा ऑपरेशन होऊनही मामांचा गुडघा वाकत नाही. सीलची बातमी सांगायला ती गेली, तेव्हा ते पाय लांब करून ओट्यावर बसले होते.

"झालं ना आता? राग गेला काय?"

"नाई गेला," पौर्णिमा म्हणाली.

मामांनी मान हलवली. "माहाही नाई गेला. ये, बस."